चिखलाने माखलेला राखणदार आणि आपली तहारत

पावसाळा सुरू झाला की कोकणातील वाड्यांवर आणि देशावरील शेतवस्त्यांवर एक दृश्य सर्रास दिसते. रात्रभर बागेची किंवा शेळ्यांच्या गोठ्याची राखण केलेला, अथवा घरधन्याबरोबर शिवारात फेरी मारून परतलेला कुत्रा अंगणाच्या कडेला येऊन उभा राहतो. त्याचे पाय पोटापर्यंत चिखलाने माखलेले असतात, अंगातून पाणी निथळत असते. घरातील मंडळी त्याला दुरूनच हाकलतात. नमाजची वेळ झालेली आहे, कपडे नापाक होतील, हे त्याचे कारण सांगितले जाते. भाकरीचा तुकडा लांबून टाकला जातो आणि तो जीव तशाच ओल्या अंगाने रात्र काढतो. शहरात कुत्रा पाळणाऱ्या मुस्लिम घरांतही फारसे वेगळे घडत नाही. तेथे त्याला फिरवून आणणे आणि पुसणे हे काम पगारी माणसावर सोपविले जाते. तो एक दिवस आला नाही, तर कुत्रा तसाच राहतो.

वाचकहो, नमाजसाठी शरीर, वस्त्र आणि जागा पाक असणे ही शरीअतची अट आहे. तीत ढिलाई करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न वेगळाच आहे. तहारतीचा हा आदेश आपल्या दारातील मुक्या जिवाच्या हक्कातून आपणास सूट देतो काय? अल्लाहच्या एका आज्ञेचे पालन करण्यासाठी दुसरी आज्ञा बाजूला सारता येते काय?

मळ वेगळा, नजासत वेगळी

आपल्या बोलण्यात ‘घाण’ आणि ‘नापाक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. फिकहच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चिखल हा मळ आहे, मात्र त्यात दुसरी काही नजासत मिसळलेली नसेल तर तो मुळात पाक आहे. ज्या मातीने तो बनला, त्याच मातीने पाण्याअभावी तयम्मुम केला जातो. उलट एखादे पांढरे शुभ्र वस्त्र नजासतीचा थेंब लागल्याने नमाजसाठी निरुपयोगी ठरते, मग ते डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसो. मळ डोळ्यांना दिसतो. नजासत कोणती, हे शरीअत सांगते.

कुत्र्याच्या बाबतीत शरीअतने काय सांगितले आहे? हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे, त्यांतील पहिल्या वेळी मातीने, असा आदेश प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्या आधारे उलमांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले. इमाम मालिक (रह.) यांच्या मसलकमध्ये कुत्रा हा जिवंत प्राणी म्हणून पाक मानला जातो आणि भांडे धुणे ही केवळ आज्ञापालनाची बाब समजली जाते. हनफी मसलकच्या ग्राह्य मतानुसार त्याची लाळ नापाक आहे, शरीर व केस मुळात नापाक नाहीत. शाफई मसलकमध्ये, आणि हंबली मसलकच्या प्रसिद्ध मतानुसार, कुत्र्याचा ओला स्पर्श जेथे होईल ती जागा सात वेळा आणि त्यांपैकी एकदा मातीसह धुणे आवश्यक आहे. देशावरील व विदर्भ-मराठवाड्यातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत आणि कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई आहेत. त्यामुळे एकाच मराठी भाषेत या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. दोन्ही उत्तरांना आधार आहे. ज्याने त्याने आपल्या मसलकप्रमाणे वागावे आणि दुसऱ्याला दूषण देऊ नये.

या मतभेदांच्या पलीकडे काही गोष्टी मात्र आपण नीट समजून घेतल्या पाहिजेत. कोरड्या हाताने कोरड्या कुत्र्याला स्पर्श झाल्यास नजासत लागत नाही. कुत्र्याला हात लागल्याने वुजू तुटत नाही आणि गुस्लही आवश्यक होत नाही. ओल्या स्पर्शाने नजासत लागलीच, तर तेवढा भाग आपल्या मसलकप्रमाणे धुवावयाचा असतो. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गरजेपोटी नजासतीला हात लावणे हे पाप नाही. आई बाळाची लघवी धुते, मुलगा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा करतो, कसाबाचे हात रक्ताने भरतात. यांपैकी कोणालाही आपण गुन्हेगार समजत नाही. ते हात धुतात, वस्त्र बदलतात आणि नमाजला उभे राहतात. नजासतीचा नियम आपणास धुण्यास शिकवितो. नजासत लागेल म्हणून कर्तव्य टाळावे, असे तो शिकवीत नाही.

मुक्या जिवाचा हक्क

आता दुसरी बाजू पाहू. पवित्र कुरआनने (सूरह अल-अनआम, आयत ३८) धरतीवर चालणाऱ्या प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना मानवासारखेच समुदाय म्हटले आहे. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकविलेल्या शिकारी प्राण्यांनी पकडलेली शिकार वैध ठरविली आहे. सूरह अल-कहफमध्ये गुहेत निद्रिस्त झालेल्या श्रद्धावंत युवकांबरोबर त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला तो राखणदार त्या सज्जनांच्या कथेतून वगळण्यात आलेला नाही. तो गुहेच्या आत नाही, उंबरठ्यावर आहे, हेही ध्यानात घ्यावे. त्याची जागा वेगळी आहे, तथापि ती जागा सन्मानाची आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील ती हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणारा कुत्रा एका वाटसरूला दिसला. तो विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर आला आणि त्याने कुत्र्याची तहान भागविली. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली व त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की प्रत्येक सजीवाच्या बाबतीत पुण्य आहे. या घटनेचा एक तपशील आपण सहसा लक्षात घेत नाही. ज्या मोज्यातून कुत्र्याने पाणी प्यायले, तो त्या माणसाच्या स्वतःच्या पायातला होता. मोजा खराब होईल हा विचार त्याला अडवू शकला नाही.

सीरतलेखक वाकिदी यांनी मक्का विजयाच्या प्रवासातील, म्हणजे हिजरी ८ मधील, एक प्रसंग नोंदविला आहे. वाटेत एक कुत्री पिलांना दूध पाजीत होती. सैन्याच्या धांदलीत तिला त्रास होऊ नये म्हणून प्रेषितांनी (स.) तिच्याजवळ एका सहाबीस पहाऱ्यावर उभे केले. इमाम मालिक (रह.) यांच्या मुअत्तामध्ये आणखी एक कथन आहे. प्रेषित (स.) आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसताना दिसले. कारण विचारले असता, घोड्यांच्या बाबतीत रात्री मला ताकीद मिळाली, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मानवजातीचे मार्गदर्शक स्वतःच्या वस्त्राने एका जनावराचे अंग पुसतात, यात आपल्यासाठी शिकवण नाही काय?

कोणी म्हणेल, घोडा पाक आहे, कुत्रा तसा नाही. हे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच पुसण्याची पद्धत वेगळी असेल, कपडा वेगळा असेल, नंतर हात धुण्याचा नियम वेगळा असेल. परंतु काळजी घेण्याचे कर्तव्य यामुळे नाहीसे होत नाही. याची साक्ष शाफई मसलकच्याच एका थोर विद्वानाने दिली आहे. ‘सुलतानुल उलमा’ म्हणून ओळखले जाणारे इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (रह.) यांचे निधन हिजरी ६६० मध्ये (इ.स. १२६२) झाले. त्यांनी मानवावर असलेले प्राण्यांचे हक्क एकेक करून मांडले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्यावर खर्च करीत राहावे, त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादू नये, त्याला अपाय होईल अशांच्या संगतीत ठेवू नये आणि त्याची बसण्याची व पाणी पिण्याची जागा चांगली राखावी. कुत्र्याच्या ओल्या अंगाला नापाक मानणाऱ्या मसलकमध्येच हे हक्क लिहिले गेले. त्या विद्वानांना या दोहोंत विरोध वाटला नाही. मग तो आपल्यालाच का वाटावा?

एक आक्षेप

या लेखावरून घरोघरी हौसेने कुत्रे पाळावेत, असा अर्थ कोणी काढू नये. जनावरांची राखण, शेती किंवा शिकार या गरजांशिवाय कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून दररोज घट होते, आणि ज्या घरात कुत्रा असतो त्यात फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, हे सहीह हदीसांत आले आहे. कुत्रा पाळण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने या हदीसांचा विचार करावा. परंतु एकदा तो जीव आपल्या दारात बांधला गेला, की त्याचे अन्न, पाणी, निवारा आणि स्वच्छता यांची जबाबदारी आपली झाली. एखाद्याने विनाकारण कुत्रा पाळला असेल तर ती त्याची चूक होय. त्याला उपाशी व चिखलात ठेवणे ही दुसरी चूक होय. पहिली चूक दुसरीचा परवाना देत नाही. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खाऊ न घालणाऱ्या आणि स्वतःचे अन्न शोधण्यास मोकळेही न सोडणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस अशाच मालकांसाठी इशारा आहे. साखळीने बांधलेल्या कुत्र्यालाही कोरडी जागा स्वतः शोधता येत नाही.

कृतीत कसे आणावे

ओले अंग घेऊन राहिलेल्या कुत्र्याला केवळ थंडी वाजते असे नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल साचून कातडीला खाज व बुरशी होते, जखम चिघळून तीत अळ्या पडतात, दाट केसांत गोचीड लपून राहतात. पावसाळ्यातील साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांनी या रोगाचा कटू अनुभव घेतला. तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. म्हणजे त्याची स्वच्छता ही घराच्याही हिताची गोष्ट आहे.

यासाठी फार खटाटोप करावा लागत नाही. नमाजच्या व वुजूच्या जागेपासून दूर, पाणी वाहून जाईल असा अंगणाचा किंवा मोरीचा एक कोपरा ठरवावा. कुत्र्यासाठी वेगळी बादली, वेगळा तांब्या आणि दोन जुने पंचे ठेवावेत. ते घरातील कपड्यांत मिसळू नयेत. ओला चिखल कपड्याने रगडल्यास तो केसांच्या मुळाशी जातो, म्हणून आधी साध्या किंवा कोमट पाण्याने पंजे, बोटांच्या बेचक्या, पाय आणि पोट धुवावे. रोज साबण लावण्याची गरज नसते, आणि माणसांचा साबण त्याच्या कातडीला मानवत नाही. कानात पाणी जाऊ देऊ नये. त्याला एकदा अंग झटकू द्यावे आणि तेवढा वेळ आपण दूर उभे राहावे. मग पंच्याने न घासता, दाबून पाणी टिपावे. कानांमागे, काखेत आणि बेचक्यांत गोचीड आहेत का ते पाहावे. शेवटी त्याला आडोशाला कोरड्या गोणपाटावर बसू द्यावे.

या कामासाठी एक जुना जोड बाजूला ठेवावा आणि रबरी हातमोजे वापरावेत. हातावर जखम असल्यास तर ते अवश्य वापरावेत. शाफई घरांतही मोज्यांमुळे ओलावा हातापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर धुण्याची रीत ठरलेली आहे. अस्र व मगरिबच्या मध्ये हे काम उरकल्यास वस्त्र बदलून जमाअतला वेळेवर पोहोचता येते. शिवाय अंग कोरडे झालेल्या कुत्र्याचा कोरडा स्पर्श नजासत लावीत नाही. म्हणजे त्याला कोरडे करण्यात त्याचा आराम आहे आणि आपल्या तहारतीचीही सोय आहे.

हे काम पगारी माणसाकडून करून घेण्यास हरकत नाही. मात्र ‘हे घाणेरडे काम आमचे नव्हे, त्याचे’ ही भावना मनात असेल, तर तिचा विचार व्हावयास हवा. अशा वेळी आपण नजासत टाळीत नाही, एका माणसाला आपल्याहून हलके लेखतो. आणि घरातील मुले हे सारे पाहत असतात. नमाजला निघालेले वडील दारात आलेल्या ओल्या कुत्र्याला लाथ मारतात, हे मुलाने पाहिले तर तो इबादत आणि कठोरपणा यांची सांगड घालावयास शिकेल. त्याऐवजी वडील त्याला पुसून कोरडे करतात, हात नियमाप्रमाणे धुतात, वस्त्र बदलतात आणि मग मुसल्यावर उभे राहतात, हे त्याने पाहिले तर तहारत आणि दया या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी समजतील. त्यासाठी वेगळा उपदेश करावा लागणार नाही.

अल्लाह आपणां सर्वांना त्याच्या आज्ञांचे पालन करण्याची आणि त्याने आपल्या हवाली केलेल्या मुक्या जिवांचा हक्क अदा करण्याची सुबुद्धी देवो. आमीन.