कठीण शब्दाचे काय करावे?

पारायणाच्या मंडपात एक प्रश्न वारंवार कानी येतो. “महाराज, ज्ञानेश्वरी वाचतो खरी, पण निम्मे शब्द कळत नाहीत. असले वाचन देवाला पोचते का?” कोणी पुढे जाऊन म्हणतो, जुने शब्द काढून आजचे घातले तर पोराबाळांना सोपे नाही का जाणार? प्रश्न मनापासूनचा आहे. विचारणाऱ्याला हसू नये.

पहिल्याचे उत्तर आम्ही सरळ देतो. भावाने केलेले वाचन वाया जात नाही. तान्हे मूल काय शब्दांचा अर्थ लावून आईकडे धावते? पण तेच मूल दहा वर्षांचे झाले आणि तरी बोबडेच बोलू लागले, तर आईला घोर लागतो. वीस-वीस पारायणे झाली आणि एकाही शब्दापाशी आपण थांबलो नाही, तर त्याला भोळा भाव म्हणू नये. तो आळस.

आता शब्द बदलण्याचे. पसायदानातला ‘व्यंकटी’ घ्या. लहान मुलाला ते व्यंकटेशाचे नाव वाटते, आणि मोठ्यांना विचारावे तर पुष्कळजण खाली बघतात. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावो, एवढेच मागितले. माणूस राहावा, चांगल्या कामाची गोडी त्याला लागावी. सोपे करण्याच्या भरात कोणी तिथे ‘दुष्टांचा संहार’ घातला, तर मागणेच उलटे होईल! बांधावरून शेजाऱ्याशी वैर धरलेल्या माणसाला हा एक शब्द नीट कळला, तर पसायदान म्हणताना त्याची जीभ अडखळेल. अडखळू द्या.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशाला सिद्ध झाली. पुढे पाठभेदांनी ग्रंथ गढूळ झाला, तेव्हा शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये नाथांनी तो शुद्ध केला. तीनशे वर्षांत भाषा बदललीच होती. नाथांनाही ते शब्द जुनेच. त्यांच्यासारख्या कवीला सोपे शब्द घालणे म्हणजे हातचा मळ. पण नाथांनी तसे केले नाही. उलट आपली ओवी यात कोणी मिसळू नये, अशी ताकीद दिली. सोपे करायचे तर वेगळे लिहावे. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांनी ‘अभंग ज्ञानेश्वरी’ लिहिली ती अशीच, मूळ ग्रंथाला हात न लावता.

मग शब्द शिकावे कसे? याद्या पाठ करून ते टिकत नाहीत, असे आमचे मत आहे. शब्द दृष्टांताचे बोट धरून येतो. ‘कूर्मी’ म्हणजे कासवी, हे उद्या विसराल. पण कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते, ही संतांची लहानशी गोष्ट एकदा ऐकली की शब्द तर राहतोच, गुरूची कृपादृष्टी म्हणजे काय तेही उमगते. (प्राणिशास्त्र म्हणते, कासवी अंडी वाळूत पुरून निघून जाते. जाईना का! दृष्टांत कासवीचा नाही, कृपेचा आहे.)

‘आर्त’ पाहा. भक्तांच्या चार प्रकारांत आर्त म्हणजे पीडलेला. दुसरीकडे आर्त म्हणजे मनातली उत्कट इच्छा. कोश दोन्ही अर्थ देतो; कुठे कोणता घ्यायचा, ते मागची-पुढची ओवीच सांगते. आणि ‘पाईक’? सभांतून आज जो तो कुठल्या ना कुठल्या विचाराचा पाईक असतो. तुकोबांचे पाईकीचे अभंग एकदा वाचा. तिथला पाईक पायी लढणारा शिपाई आहे, धन्यासाठी जिवावर उदार झालेला. ते वाचल्यावर हा शब्द स्वतःला लावून घेताना माणूस दोनदा विचार करील.

घरी साखरे महाराजांची किंवा मामासाहेब दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी असेल, तर रोज एकच ओवी, एकच शब्द घ्यावा. कोश हाताशी नसला तरी अडत नाही. आषाढीच्या वाटेवर दोन मुक्कामांमध्ये चालणे पुष्कळ असते, आणि दिंडीत एखादी म्हातारी माउली असतेच. तिला विचारा, “आजी, सायास म्हणजे काय हो?”