बलुतं आणि टीप

माधवनगरला सुगीत आमच्या खळ्यावर सुतार, लोहार बलुतं न्यायला यायचे. आबा सुपानं शाळू ओतायचे. गावगाड्यातली उतरंड वाईटच होती, पण आबा म्हणायचे, "उपकार न्हाई रं, त्येंच्या कामाचं हाय ते."

परवा पुण्यातल्या एका बड्या हॉटेलात बिलावर दहा टक्के सेवा शुल्क लावलेलं. ते परस्पर लावायला मनाई आहे. मी हुज्जत घालून दोनशे चाळीस रुपये कमी करून घेतले आणि वाढप्याच्या हातावर पन्नास टेकवले. पोरगं वाकलं. मला बरं वाटलं, आणि तेच नंतर खुपलं. कायद्यानं मी बरोबर होतो. पण त्याच्या कष्टाचं मोल माझ्या मर्जीवर का असावं? टीप जरूर द्यावी. पण त्याच्या कामाचं म्हणून, त्याची मान वाकलेली बघायला नव्हे.