‘तो असता तर—’

इ. स. २०१४ च्या जुलै महिन्याच्या नवव्या तारखेस सकाळीं आमच्या पहिल्या तासाला हजेरी बेताचीच होती, आणि जे आले होते त्यांचेहि डोळे तांबारलेले होते. रात्रीं दीड वाजतां सुरू झालेला विश्वचषकाचा उपांत्य सामना त्यांनीं जागून पाहिला होता, व त्यांत जर्मनीनें ब्राझिलचा एकास सात अशा गोलांनीं पराभव केला होता. कोल्हापुराकडील एका विद्यार्थ्यास आम्हीं सहज विचारलें, “काय रे, असें कसें झालें?” (विश्वचषकाच्या दिवसांत त्या शहरीं पेठापेठांतून ब्राझिलचीं व आर्जेंटिनाचीं निशाणें लागतात, हें वाचकांस ठाऊक असेलच.) तो म्हणाला, “सर, नेयमार नव्हता.” एवढें बोलून तो मान खालीं घालून बसला. आम्हांस तेव्हां हंसूं आलें. सात गोलांच्या राशीपुढें एका माणसाची उणीव ती काय ! परंतु तें हंसणें न्यायाचें होतें कीं नाहीं, याविषयीं आम्हांस पुढें पुष्कळ दिवस शंका वाटत राहिली.

नेयमार नव्हता, हें विधान अक्षरशः खरें होतें. ४ जुलै रोजीं फोर्तालेझा येथें कोलंबियाशीं झालेला सामना संपावयास कांहीं मिनिटें उरलीं असतां झुनिगा नांवाच्या प्रतिस्पर्ध्याचा गुडघा त्याच्या पाठींत बसला व कमरेचा एक मणका भंगला. त्याच सामन्यांत कर्णधार थियागो सिल्वा यास पुन्हां पिवळें कार्ड मिळालें व नियमाप्रमाणें तोहि पुढील सामन्यास मुकला. एकाच सायंकाळीं संघाची तलवार मोडली आणि ढालहि गेली. तथापि चार दिवसांनीं बेलो होरिझोंती येथें जें घडलें, तें कोणाच्याहि हिशेबांत बसणारें नव्हतें. अकराव्या मिनिटास पहिला गोल झाला; आणि तेविसाव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत, म्हणजे चहाचा पेला निवावयास लागतो तेवढ्या अवधींत, आणखी चार झाले. स्वदेशीं खेळलेल्या स्पर्धांच्या सामन्यांत १९७५ पासून ब्राझिल हरला नव्हता. बासष्ट सामन्यांची ती परंपरा त्या अर्ध्या तासांत बुडाली.

‘कारण’ आणि ‘सबब’ हे शब्द आपण व्यवहारांत बहुधा एकाच अर्थानें वापरतों. वस्तुतः कारण सांगणारास घडलें तें समजून घ्यावयाचें असतें, आणि सबब सांगणारास तें न समजण्याची सवलत हवी असते. अडचण इतकीच कीं, दोघांच्या तोंडचें वाक्य एकच असूं शकतें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माच्या सिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनें, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पांचवें दैव. दैवाचें नांव शेवटीं आहे, पण तें वगळलेलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. पराक्रमाचे उपासक दैवास मुळींच मोजीत नाहींत, आणि हरलेल्या संघाचे भक्त त्याखेरीज दुसरें कांहीं मोजीत नाहींत. आमच्या विद्यार्थ्यानें पांचव्या कारणास पहिल्या पाटावर बसविलें, एवढाच त्याचा प्रमाद. पहिल्या गोलाच्या वेळीं कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूपाशीं म्युलर अगदीं मोकळा उभा होता. याचा संबंध नेयमारच्या मणक्याशीं कसा जोडावयाचा? आतां, थियागो सिल्वा असता तर कदाचित् म्युलर इतका मोकळा राहिला नसता. पण पाहा, आम्हीहि तेंच वाक्य बोलूं लागलों !

मराठी माणसानें तर या वाक्यास हंसूंच नये. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासरावांस गोळी लागली नसती तर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर, अशा ‘तर’वर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या आहेत, आणि दारुण पराभवास ‘पानिपत’ हा शब्दच आपल्या भाषेंत रूढ होऊन बसला आहे. ब्राझिलच्या लोकांनींहि मिनेइराव या मैदानाच्या नांवावरून त्या दिवसास ‘मिनेइरासो’ असें नांव दिलें आहे.

सामन्यापूर्वीं राष्ट्रगीत चाललें असतां त्या दिवसापुरता कर्णधार झालेला डेव्हिड लुईझ आणि गोलरक्षक जुलिओ सेझार यांनीं नेयमारचा दहा क्रमांकाचा सदरा दोघांमध्यें उंच धरला होता. जायबंदी मित्राविषयींचें तें प्रेम खोटें होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्या क्षणीं आमची दृष्टि बर्नार्डकडे जाते. हा एकवीस वर्षांचा मुलगा त्याच शहरीं जन्मलेला. नेयमारच्या गैरहजेरीमुळें संघांत आलेला तो हाच. ज्या दिवसाचें स्वप्न त्यानें लहानपणापासून पाहिलें असेल, त्या दिवशीं त्याच्या अंगावरील सदऱ्याकडे कोणी पाहत नव्हतें; सर्वांचे डोळे रिकाम्या सदऱ्याकडे होते. थोरल्या मुलाच्या तसबिरीस हार घालावा आणि तिच्याखालून धाकट्यास परीक्षेस पाठवावें, तसा कांहींसा हा प्रकार झाला. ‘तो असता तर’ या वाक्याचें दुसरें टोंक ‘तूं आहेस, पण’ असें असतें. आणि तें त्या मुलास सामना सुरू होण्यापूर्वींच ऐकूं आलें असलें पाहिजे.

जर्मनीच्या वाट्यास जखमा आल्याच नव्हत्या असें नाहीं. मार्को रॉइस हा त्यांचा नामांकित खेळाडू ६ जून रोजीं आर्मेनियाशीं झालेल्या मैत्रीच्या सामन्यांत घोटा दुखावून स्पर्धेसच मुकला. १३ जुलैच्या अंतिम सामन्यापूर्वीं अंग मोकळें करतांना खेदीरा जायबंदी झाला. त्याच्या जागीं घेतलेल्या क्रामरच्या डोक्यास मार बसून तोहि अर्ध्या तासानें बाहेर पडला. त्याच्या जागीं शुर्ले आला, आणि ११३ व्या मिनिटास गोत्झेनें केलेल्या एकमेव गोलास चेंडू पुरविला तो या शुर्लेनेंच. चषक हातीं आल्यावर गोत्झेनें रॉइसचा सदरा लोकांस दाखविला. येथेंहि सदरा गैरहजर मित्राचाच, पण दाखविण्याची वेळ निराळी. अर्थात् जर्मनी हरती तर त्या सदऱ्याचें काय झालें असतें, हें कोण सांगणार? विजयी पक्षाच्या प्रत्येक कृतींत नीतितत्त्व शोधण्याची संवय फारशी चांगली नव्हे.

शिवाय सबबीची निंदा करण्यापूर्वीं ती नसते तेव्हां काय होतें, तेंहि पाहिलें पाहिजे. १६ जुलै १९५० रोजीं रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेनें ब्राझिलला दोन विरुद्ध एक असें हरविलें. त्या पराभवास कोणा जायबंदी वीराची ढाल लाभली नाहीं; म्हणून लोकांनीं दोष ठेवला तो गोलरक्षक बार्बोझा या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या माथीं. तो २००० सालीं वारला. आपल्या देशांत जबरांत जबर शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षें भोगीत आहों, अशा आशयाचें तो म्हणत असे. त्याची आठवण झाली म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचें उत्तर आम्हांस बरेंचसें सोज्वळ वाटूं लागतें. “नेयमार नव्हता” असें म्हणणारानें मैदानावरील कोणाचा गळा तरी धरलेला नसतो. पण येथेंहि पूर्ण समाधान नाहीं. ज्याचा गुडघा लागला त्या झुनिगास जिवाच्या धमक्या आल्या, त्याच्या वर्णावरून गलिच्छ शिव्या दिल्या गेल्या; आणि सामन्याच्या दिवशीं फ्रेड या आघाडीच्या खेळाडूची त्याच्याच देशबांधवांनीं हुर्यो उडविली. दैवाला शिव्या देऊन माणसाचें पोट भरत नाहीं. त्याला समोर एखादा चेहरा लागतो.

मग जखमेची गोष्ट बोलूंच नये काय? आमच्या मतें बोलावी, पण ती कोणाच्या तोंडीं शोभते हें पाहावें. १९६२ सालीं चिलींतील विन्या देल मार येथें चेकोस्लोव्हाकियाशीं खेळतांना पेले जायबंदी झाला. त्या काळीं बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. त्यामुळें तो लंगडत मैदानावरच राहिला. चेंडू त्याच्याकडे गेला असतां मासोपुस्त, पोप्लुहार प्रभृति चेक खेळाडूंनीं त्याच्यावर तुटून पडण्याचें टाळलें. आणि पेलेनें हें त्यांचें ऋण पुढें वारंवार बोलून दाखविलें. सामना बरोबरींत सुटला. पेले पुढें त्या स्पर्धेंत खेळलाच नाहीं. त्याची जागा आमारिल्डोनें घेतली, आणि अंतिम सामन्यांत ब्राझिलनें याच चेक संघास तीन विरुद्ध एक असें हरविलें. त्यांत मासोपुस्तनें पहिला गोल केल्यावर बरोबरी साधली ती आमारिल्डोनेंच. येथें जखम खरी होती आणि तिचा मान राखला तो प्रतिपक्षानें. हरणारानें जी गोष्ट स्वतः सांगितली असतां रडगाणें वाटतें, तीच जिंकणाऱ्यानें सांगितली तर औदार्य ठरते. वस्तुस्थिति दोन्हीकडे एकच असते.

प्रेक्षकाची स्थिति याहूनहि चमत्कारिक. त्यानें चेंडूस पाय लावलेला नसतो. तरी “आम्ही जिंकलों” असें तो निःशंकपणें म्हणतो. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिआल्डिनी व त्याचे सहकारी यांनीं १९७६ सालीं असें दाखविलें कीं, कॉलेजचा संघ जिंकला म्हणजे विद्यार्थी ‘आम्ही’ म्हणतात व हरला म्हणजे ‘ते’ म्हणतात. (प्रस्तुत लेखांतील ‘आम्ही’ हा केवळ लेखकांचा जुना रिवाज आहे, त्यांत कोणत्याहि विजयाचा वांटा मागितलेला नाहीं.) या कसोटीवर पाहतां “नेयमार नव्हता” हें वाक्य या दोहोंच्या मधलें ठरतें. तें म्हणणारा संघाला ‘ते’ म्हणून दूर लोटीत नाहीं. जो संघ हरला तो आमचा खरा संघ नव्हे, आमचा खरा संघ अजून हरलेला नाहीं, असें तो म्हणत असतो. निष्ठा टिकविण्याची ही युक्ति आहे. आणि तिची किंमत बर्नार्डसारख्यांनीं द्यावयाची असते.

त्या दिवशीं मिनेइरावच्या मैदानावर मात्र ही युक्ति चालण्याजोगी राहिली नाहीं. एकदोन गोलांनीं हार झाली असती तर ती आयुष्यभर पुरली असती. सातांपुढें ती तोकडी पडली. एकोणऐंशीव्या मिनिटास शुर्लेनें सातवा गोल केला, तेव्हां पिवळे सदरे घातलेले पुष्कळ लोक उठून उभे राहिले व त्यांनीं टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत स्वकीयांवरील संताप किती होता आणि परक्याच्या खेळाविषयींचा आदर किती होता, हें टाळ्या वाजविणारांनाहि सांगतां आलें नसतें. आम्हीं तो प्रसंग आमच्या विद्यार्थ्यास विचारला. तो म्हणाला, “नाहीं सर, पांचव्या गोलानंतर आम्हीं दूरदर्शन बंद केला.” पेठेंतील निशाण मात्र अजून उतरविलेलें नाहीं, असेंहि त्यानें सांगितलें, तिसऱ्या जागेचा सामना अद्याप व्हावयाचा होता.