मार्शल लॉ : शब्द आणि सदसद्विवेक

सोलापूरच्या इतिहासात ‘मार्शल लॉ’ हा शब्द इंग्रजीच राहिला. ‘लष्करी कायदा’ हा प्रतिशब्द असूनही लोकांनी मूळ शब्दच जपला. कारण तो त्यांनी कोशातून नव्हे, सोसण्यातून शिकला होता.

‘मार्शल’ म्हणजे रोमन युद्धदेव मार्स याच्याशी संबंधित. ‘लॉ’ म्हणजे कायदा. युद्ध आणि कायदा एका शब्दात सुखाने नांदू शकतात काय?

गांधीजींच्या अटकेनंतर 8 मे 1930 रोजी सोलापुरात गोळीबार झाला, नागरिक मेले. प्रक्षुब्ध जमावाने पोलीस चौकी जाळली. दोन पोलीस प्राणास मुकले. 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. राष्ट्रध्वज मिरवणे गुन्हा ठरला.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा ही विवेकाने केलेली, सर्वांच्या हितासाठी असलेली आणि समाजाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्याने जाहीर केलेली व्यवस्था होय. दंगल आवरणे हे सर्वांच्या हिताचे आहे, हे मान्य केले पाहिजे. त्या दोन पोलिसांच्या घरीही आक्रोश झालाच असेल. परंतु ध्वजाने कोणाचा जीव धोक्यात येत होता? तेथे रक्षण नागरिकांचे नव्हे, राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेचे होते. हुकूम जाहीर झाला एवढ्यानेच तो कायदा होत नाही.

तथापि एवढ्यावर थांबणे सोयीचे होईल. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, तेव्हा मार्शल लॉ उठून गेला होता. नेहमीच्या न्यायालयाने पोलिसांच्या खुनाबद्दल त्यांना दोषी ठरवले. सोलापूरने त्यांना निर्दोष मानले. म्हणजे ‘मार्शल’ हे विशेषण गळून पडले तरी ‘लॉ’ आपोआप निर्मळ होत नाही.

पिलातानेही दंगलीच्या भयानेच निरपराध्याला क्रुसाकडे धाडले. त्याच्या आसनासमोर सैन्य होते, रीतसर चौकशी होती. न्याय तेवढा नव्हता.

आज आपण घरातल्या करड्या शिस्तीलाही गमतीने ‘मार्शल लॉ’ म्हणतो. गंमत असू द्यावी. मात्र मुलाला, विद्यार्थ्याला वा हाताखालच्या माणसाला हुकूम सोडताना स्वतःला विचारावे : हे त्याच्या हितासाठी, की माझ्या मानासाठी? सोलापूरच्या चौकात उभे असलेले ते चार पुतळे हाच प्रश्न प्रत्येक सत्ताधाऱ्याला, लहान असो वा मोठा, विचारीत आहेत.