‘माझी’ नव्हे, ‘आमची’ भाकरी

(चिंतनासाठी : योहान ६:१-१५)



फेब्रुवारी २०२३ मधील एक घटना आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती पडला दोन रुपयांचा धनादेश! आपण हळहळलो, शासनाला आणि व्यापाऱ्यांना दोष दिला आणि रात्री नेहमीप्रमाणे जेवायला बसलो. आपल्या ताटातला कांदा कोणाच्या शेतातला, हे मात्र आपण विचारले नाही.

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकरी मागतो, ती ‘माझी’ म्हणून नव्हे, ‘आमची’ म्हणून. या ‘आमची’मध्ये कोण कोण येते? खाणारा येतो, हे उघड आहे. पण पिकवणारा येतो का? ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही, तो येतो का?

पाच भाकरींचा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे. पण त्या भाकरी जवाच्या होत्या आणि एका मुलाजवळ होत्या, हे फक्त योहान सांगतो. जव हे त्या देशातले गरिबाचे धान्य. आपल्याकडे गहू सणासुदीचा आणि ज्वारी रोजची, तसेच ते होते. प्रभूने उंची धान्य मागवले नाही. तिथल्या मातीने जे दिले तेच हाती घेतले, पित्याचे आभार मानले, सर्वांना वाटले आणि उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला लावले. आभार, वाटप, जतन : शाश्वत अन्नाचा सगळा धडा या तीन कृतींत आहे.

आपल्या मातीने काय दिले आहे? सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. कडबा जनावरांना होतो, त्यांचे शेण पुन्हा रानात जाते. मोहोळच्या संशोधन केंद्रातली ‘मालदांडी’ प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ऊस मात्र याच्या कित्येक पट पाणी पितो. तरी शेतकरी ऊस का लावतो? त्याला दोष देणे सोपे आहे. उसाला कारखाना हे ठरलेले गिऱ्हाईक आहे. ज्वारी उपटून काढायला मजूर मिळत नाहीत, आणि हुलगे-मटकीला तर कोणी विचारतही नाही. बंधुभगिनींनो, ते ठरलेले गिऱ्हाईक आपण व्हायचे आहे.

हे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत १९९३ च्या भूकंपानंतर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम उभे राहिले. तिच्या साथीने कित्येक भगिनींनी घरच्यांकडे फक्त एक एकर, काहींनी अर्धाच एकर मागितला. त्यात घरचे बी आणि शेणखत वापरून धान्य, डाळी व भाजीपाला पिकवला. आधी घरच्यांचे पोट, मग उरलेले बाजारात. सुरुवात एका एकरापासून झाली.

आपली सुरुवात दहा कुटुंबांपासून होऊ शकते. आपल्या धर्मग्रामात असा एक अन्नगट सुरू करावा, असे आम्हांला मनापासून वाटते. पहिले काम, रासायनिक खते-औषधे कमी करू पाहणारे जवळच्या गावातील दोन-तीन शेतकरी शोधणे. पेरणीपूर्वीच त्यांच्याशी बोलून वर्षाची ज्वारी, तूर, मटकी किती घेणार आणि काय भावाने, हे ठरवणे. पुढे बाजार पडला तरी आपला शब्द पडता कामा नये. दुसरे, सणाच्या व लग्नाच्या पंगतीत अन्न टाकले जाणार नाही, याची जबाबदारी गटाने घेणे. यात आम्ही धर्मगुरूही दोषी आहोत. चर्चच्या सणाला उष्ट्याने भरलेली पिंपे आम्हीही पाहिली आणि गप्प राहिलो.

एक धोका मात्र आधीच ओळखायला हवा. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला काही जण पोटभर खात आणि काही उपाशी राहत. संत पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले. आपला गट हा ‘चांगले’ अन्न परवडणाऱ्यांचा क्लब झाला, तर तेच शब्द आपल्यालाही लागू पडतील. आज ज्वारी रेशनच्या गव्हापेक्षा महाग आहे, हे प्रत्येक गृहिणी जाणते. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, वस्तू आपल्या मालकीच्या असल्या, तरी गरजूंच्या वेळी त्या सर्वांच्या आहेत असे मानून वापराव्यात. म्हणून आपल्या आयांची जुनी रीत पुन्हा सुरू करू या : रोज पीठ मळण्याआधी एक मूठ बाजूला. त्या मुठींतून जे जमेल, त्यातून ज्यांना परवडत नाही, त्यांच्याही घरी तीच भाकरी जावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक दिले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे ऐकता येत नाहीत, ही त्याची मुख्य शिकवण. आपल्या भूमीला ही शिकवण नवी नाही. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची आठवण इथे आजही काढली जाते. त्यांच्या हाती राजाचे कोठार होते. आपल्या हाती घरचा डबा आहे. तो तरी उघडू या.

पुढच्या वेळी समर्पणविधीत भाकर वेदीवर नेली जाईल, तेव्हा ती पिकवणाऱ्या हातांची क्षणभर आठवण करू या. आणि मिस्सानंतर, ज्यांना या गटात यावेसे वाटते, त्यांनी घरातील एका मूठभर बियाण्यासह आम्हांला अवश्य भेटावे.

हे प्रभो, त्या मुलाने आपल्या पाच भाकरी तुझ्या हाती दिल्या. आमच्या घरची एक मूठही तू स्वीकार. आमेन.