शिक्षा आणि शिकवण



'शिकवणे' हे क्रियापद आपल्या तोंडी किती वेळा रागाच्या भरात येते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. 'थांब, तुला चांगला धडा शिकवतो', 'मला शहाणपण शिकवू नकोस', 'हे तुला कोणी शिकवलं रे?' ही वाक्ये आपल्या घराघरांत ऐकू येतात. कोर्टात साक्षीदार अडखळला की लोक म्हणतात, याला शिकवून आणलेले दिसते. इतके चांगले क्रियापद, पण आपण ते भांडणाच्या कामाला जुंपले आहे.

'शिक्षा' या शब्दाचे तर आणखीच नवल. आपल्या जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द मध्य प्रदेशाला लागून आहे. तिकडे 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. 2001 च्या सुमारास आपल्याही शाळांच्या भिंतींवर 'सर्व शिक्षा अभियान' ही अक्षरे आली (2018 मध्ये ती योजना 'समग्र शिक्षा'मध्ये विलीन झाली), तेव्हा 'सर्वांना शिक्षा' असा विनोद पुष्कळांनी केला. शब्द मात्र एकच आहे. संस्कृतातील 'शिक्ष्' हा धातू 'शक्' म्हणजे समर्थ असणे यापासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'समर्थ होण्याची इच्छा करणे' असा सांगतात. म्हणजे मुळात ती इच्छा शिकणाऱ्याची होती. मराठीत येता येता ती त्याच्याकडून निसटली आणि छडी धरणाऱ्याच्या हाती गेली.

या दोन अर्थांची गाठ आपल्याच बुलढाण्यात एका बाईच्या आयुष्यात पडलेली दिसते. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. त्या काळात मुलीला इतके शिकवणारा बाप विरळाच! 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, आपल्या नवजात बाळाला मारल्याच्या गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांनी मात्र त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीलाच दोष देण्यास सुरुवात केली. त्यावर ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. पुनर्विवाहाची वाट बंद ठेवणारे कोण, आणि तिला या स्थितीला आणणारा पुरुष कोठे गेला, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. विजयालक्ष्मीला शिक्षा देऊन समाजाला स्त्रियांना धडा शिकवायचा होता. ताराबाईंना शिक्षण मिळाले होते, म्हणून त्या उलट प्रश्न विचारू शकल्या. आम्हाला वाटते, शिक्षण आणि शिक्षा यांतील भेद ओळखण्याची ही चांगली खूण आहे. शिक्षा झालेला माणूस गप्प बसतो. शिकलेला माणूस विचारतो, आणि कधी कधी शिकवणाऱ्यालाच विचारतो.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत लूक सांगतो की येशूमध्ये मरणदंडाजोगा कोणताही अपराध नाही हे पिलात स्वतः कबूल करतो, आणि तरीही फटके देऊन सोडण्याची भाषा दोनदा करतो. तेथे मूळ ग्रीकमध्ये लूकने वापरलेले क्रियापद 'मूल' या अर्थाच्या शब्दापासून झाले आहे. त्याचा अर्थ मुलाला वाढवणे, शिकवणे, वळण लावणे. हाच लूक प्रेषितांची कृत्ये लिहितो, आणि संत पौल गमालिएलाच्या पायांशी बसून शिकला हे सांगताना तेच क्रियापद योजतो. एकाच शब्दात गुरूच्या पायांशी बसणेही आहे आणि फटकेही आहेत. पिलाताला ठाऊक होते की समोरचा मनुष्य निर्दोष आहे. अशा माणसाला मारायचे तर त्याला काहीतरी सभ्य नाव हवे, आणि ते त्याला या शब्दात मिळाले. आपल्यालाही मिळते. मुलाच्या पाठीत धपाटा बसतो तो बहुधा आपण दमलेले असतो म्हणून, किंवा चार लोकांत मान खाली गेली म्हणून. नंतर आपण म्हणतो, त्याला वळण लागावे म्हणून मारले.

यावर कोणी म्हणेल की देवही आपल्या लेकरांना शिक्षा करतो, असे इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. खरे आहे, आणि शब्दही त्याच कुळातला आहे. पण तो अध्याय पुढेही वाचावा. जगातले बाप आपल्याला बरे वाटेल तसे वळण लावतात, देव मात्र आपले पावित्र्य लेकरांनाही मिळावे म्हणून लावतो, असा फरक तेथेच केलेला आहे. तो बाप लेकराला सोडून जात नाही. वळण लावणे नकोच, असे आमचे म्हणणे नाही. चुकलेल्याला चूक दाखवावीच लागते, आणि ते ऐकणाऱ्याला बोचतेही. पण मारणाऱ्याचा राग शांत झाला, एवढ्यावरून मूल शिकले असे कसे म्हणावे?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. हे कलम शाळेपुरते आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत प्रार्थना पाठ न झालेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभे करायचे, की त्याला बाजूला बसवून घेऊन त्यातला कोणता शब्द कळला नाही हे विचारायचे, ते आपल्यालाच ठरवायचे आहे.