पसारा कोणी उचलायचा?

टेबल आवरलं की मन मोकळं होतं आणि मोकळ्या मनात कला उतरते, अशी हल्ली बऱ्याच जणांची समजूत आहे. जपानच्या मारी कोंदो यांचं आवराआवरीवरचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं आणि घरोघरी कपाटं उपसायला जोर आला. निपाणीच्या महादेव मोरे यांना हाच सल्ला कोणी दिला असता, तर त्यांनी आधी काय बाहेर काढलं असतं? चक्की?

मोरे पिठाची गिरणी चालवत, आणि त्याच व्यापात त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. गिरणी म्हटली की पट्ट्याची घरघर, हवेत पीठ आणि दारात डबे घेऊन ताटकळलेली माणसं. यातलं काहीच दूर सारण्यासारखं नव्हतं. पीठ ही रोजीरोटी होती आणि निपाणीची कष्टकरी माणसं त्यांच्या लिखाणाचा विषय होती. विडी कामगार, टॅक्सी ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं त्यांच्या पानांवर आली. मोरे २०२४ मध्ये गेले.

लंडनचे चित्रकार फ्रान्सिस बेकन १९६१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकाच खोलीतल्या पसाऱ्यात काम करत राहिले. रंगाच्या ट्यूब, फाटके फोटो, फाडलेले कॅनव्हास. पुढे डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीने ती खोली पुरातत्त्वज्ञांच्या मदतीने उचलून नेली. सात हजारांवर वस्तूंची नोंद झाली आणि २००१ मध्ये खोली लोकांना खुली झाली. गिरणीतल्या पिठाची एवढी बडदास्त कोण ठेवणार!

चिकोडीजवळच्या एकसंब्यात १९२३ साली जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णी यांची तऱ्हा वेगळी. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या, कथा लिहिणाऱ्या आणि चित्रंही काढणाऱ्या जी.एं.नी वर्दळच आवरती घेतली. सभा-संमेलनं टाळली, भेटी टाळल्या. पत्रं मात्र भरभरून लिहिली. निवडक पत्रांचेच चार खंड झाले. त्यांच्या एकांताचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण बाहेरच्या जगापासून दूर राहता यावं यासाठी घर कोणीतरी चालवावं लागतं. त्यांच्या घरी मावसबहिणी होत्या, हे त्यांच्यावरच्या लिखाणात वाचायला मिळतं. वाचक ते वाचून पुढे सरकतो.

बेळगावच्या इंदिरा संतांच्या वाट्याला असा एकांत नव्हता. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेले. पदरी तीन मुलं आणि शिक्षिकेची नोकरी. तरी १९५१ मध्ये ‘शेला’ हा त्यांचा कवितासंग्रह आला. लिहिण्याआधी घर आवरून होण्याची वाट बघत बसल्या असत्या, तर तो आला असता का, कोण जाणे.

आवरू नये, असं यातून निघत नाही. वाळलेले ब्रश, सुकलेले रंग, तीन वर्षांत न उघडलेल्या फायली खुशाल भंगारात द्याव्यात. पण बेळगावातल्या दोन खोल्यांच्या घरात मुलाच्या चित्रकलेसाठी कोपरा मोकळा करताना बऱ्याचदा आईचं शिलाई मशीन पहिलं हलतं. ते स्वयंपाकघराच्या दारात येतं, आणि लग्नसराईतले ब्लाऊज ती तिथेच जाता-येता अंग चोरून शिवते. मशीन कुठं ठेवायचं, हे निदान तिला आधी विचारायला हवं. कदाचित तिलाही खिडकीजवळचाच कोपरा हवा असेल.